सुट्या पानांचा एक दस्तऐवज

(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी अगदी लहान आहे. भ्रमणध्वनीवर किंवा स्कॅनरवर घेतलेली कागदांची सुटी छायाचित्रे एकत्र करून त्यांची एकच पीडीएफ फाइल कशी तयार करावी, एवढाच तो आहे. एवढ्या कामासाठी व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असल्यास तो स्वाभाविक आहे. परंतु ज्या जिल्ह्यात आपण काम करतो, त्या जिल्ह्याला कागद नीट लावण्याच्या कामाचा एक वारसा लाभलेला आहे. त्याचे स्मरण करूनच मी विषयाकडे वळतो.

१९८० च्या दशकाच्या आरंभी श्री. अनिलकुमार लखिना हे या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. कार्यालयात वर्षानुवर्षे साचलेले कागद त्यांनी वेगळे काढून घेतले. जतन करावयाचे कोणते व नष्ट करावयाचे कोणते हे ठरवून, उरलेले अभिलेख मागताक्षणी हाती लागतील अशा रीतीने लावले, आणि कार्यालयाची मांडणी येणाऱ्या नागरिकाच्या सोयीने बदलली. या प्रयोगास पुढे ‘लखिना पॅटर्न’ असे नाव पडले आणि तो जिल्ह्याबाहेरही अभ्यासला गेला. कागदांचा ढीग म्हणजे अभिलेख नव्हे. जो कागद वेळेवर सापडतो, तोच अभिलेख, हा त्या प्रयोगाचा गाभा होता.

तो ढीग आज लाकडी मांडणीवरून उठून आपल्या खिशातील भ्रमणध्वनीत येऊन बसला आहे. लग्नाची छायाचित्रे, पिकांची छायाचित्रे, सणावारांचे संदेश, आणि त्यांच्या मधोमध कोणाच्या तरी वारस नोंदीची कागदपत्रे, अशी आजची अवस्था आहे. ती कागदपत्रे एकेक करून पाठविली जातात, एकेक करून उतरवून घेतली जातात, आणि या प्रवासात एखादे पान गळते. गळलेल्या पानाची किंमत मात्र पाठविणारा किंवा घेणारा देत नाही. ती अर्जदार देतो.

एक अनुभव

याचा दाखला मी स्वतःच्या चुकीतूनच देतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात काम करीत असताना, एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या प्रस्तावासाठी त्या कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकाची छायाचित्रे घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी पाने घेतली, एकत्र केली आणि पाठविली. एका पानाची मागील बाजू घेण्याचे राहून गेले, आणि वेतननिश्चितीची एक नोंद नेमकी त्याच बाजूला होती. प्रस्ताव त्रुटीसह परत आला. त्रुटी कळण्यात, सेवापुस्तक पुन्हा मागविण्यात आणि प्रस्ताव पुन्हा सादर करण्यात तीन महिने गेले. त्या बाई कार्यालयात आल्या, तेव्हा एवढेच म्हणाल्या, “साहेब, मी तर सगळं पुस्तकच दिलं होतं.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांनी सर्व दिले होते. मी सर्व घेतले नव्हते. पाने मोजण्यास मला दोन मिनिटे लागली असती.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोल्याहून नगरला यावयाचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने सेवांना मुदत घालून दिली आहे. परंतु त्या मुदतीचा खरा लाभ अर्ज कागदपत्रांसह परिपूर्ण असेल तेव्हाच मिळतो. म्हणून ही लहानशी तांत्रिक कृती प्रत्यक्षात सेवेचाच एक भाग आहे.

पीडीएफ म्हणजे काय

पीडीएफ हे ‘पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट’ या नावाचे आद्याक्षरी रूप होय. अडोबी या अमेरिकी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ साली या कल्पनेचा आराखडा मांडला आणि १९९३ साली हे स्वरूप प्रत्यक्षात आले. कोणत्याही संगणकावर उघडला किंवा कोणत्याही यंत्रावर छापला, तरी दस्तऐवज जसाच्या तसा दिसावा, हा त्यामागील हेतू होता. २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे खुले मानक झाले. म्हणूनच पीडीएफ वाचण्यासाठी वा तयार करण्यासाठी आज कोणत्याही एका कंपनीची आज्ञावली विकत घेण्याची गरज राहिलेली नाही.

ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. याच जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या काळापासून चालत आलेली आपली पोथी आठवून पाहावी. पोथीला शिवण नसते. तिची पाने सुटी असतात. पण प्रत्येक पानावर अंक असतो, वर-खाली फळ्या असतात आणि भोवती वस्त्र बांधलेले असते. पेशवे दफ्तरातील कागदही असेच रुमालांत बांधलेले आहेत. चित्ररूप पाने म्हणजे पोथीची सुटी पाने, आणि पीडीएफ म्हणजे त्यांना क्रमाने एकत्र ठेवणारा रुमाल, असे समजावे. पानांवर अंक नसतील तर रुमाल कितीही घट्ट बांधला तरी पोथी लागत नाही. म्हणून खरे काम रुमाल बांधण्यापूर्वीचे असते.

पूर्वतयारी

पहिली गोष्ट, मूळ कागद मोजावेत. पाने नव्हे, बाजू मोजाव्यात. पाठपोट लिहिलेल्या सात पानांच्या चौदा बाजू होतात. कोरी बाजू वगळावयाची असल्यास तशी नोंद करावी. ही संख्या एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवावी. शेवटी तिचाच ताळा घ्यावयाचा आहे.

दुसरी गोष्ट, टाचण्या व दोरे जपून सोडवावेत, कागद सपाट करावा आणि खिडकीच्या उजेडात, सावली पडणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. भ्रमणध्वनी कागदाशी समांतर धरावा. कागदाचे चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. कारण शिक्का, आवक क्रमांक आणि लघुस्वाक्षरी या गोष्टी बहुधा कडेलाच असतात. कागद सपाट असून चौकटीत पूर्ण बसतो आहे, हे पाहूनच छायाचित्र घ्यावे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक छायाचित्र मोठे करून वाचून पाहावे. गट क्रमांक, दिनांक व नाव आपणांस वाचता आले नाही, तर ते तपासणाऱ्यासही वाचता येणार नाही.

चौथी गोष्ट, फाइलींना क्रमांक द्यावेत, आणि ते ०१, ०२, ०३ असे दोन अंकी द्यावेत. कारण अनेक आज्ञावल्या नावे अक्षरक्रमाने लावतात. नुसते १, २, ३ असे क्रमांक दिल्यास १ नंतर १०, ११ आणि त्यानंतर २ असा क्रम लागतो. पाने शंभराहून अधिक असल्यास ००१ पासून प्रारंभ करावा.

एकत्रीकरण

विंडोज १० व त्यापुढील संगणकांवर यासाठी वेगळी आज्ञावली लागत नाही. सर्व चित्रे निवडावीत, पहिल्या क्रमांकाच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रिंट’ निवडावे आणि मुद्रकाच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हे नाव घ्यावे. कागदाचा आकार ए-४ ठेवावा. ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ या शब्दांपुढील खूण काढून टाकावी. ती तशीच राहिल्यास चित्र चौकट भरण्यासाठी मोठे केले जाते आणि कडा कापल्या जातात, म्हणजे नेमका शिक्काच जातो. पूर्वदृश्यात पानांचा क्रम पाहून मगच फाइल जतन करावी.

लिब्रेऑफिस ही विनामूल्य आज्ञावली असल्यास तिच्यात प्रत्येक पानावर एक चित्र ठेवून, संपूर्ण दस्तऐवज पीडीएफ स्वरूपात बाहेर काढता येतो. चित्रांच्या आधी अनुक्रमणिकेचे पान टंकित करावयाचे असेल, तर ही रीत अधिक सोयीची आहे.

केवळ भ्रमणध्वनीच हाताशी असल्यास गूगल ड्राइव्हमधील ‘स्कॅन’ या सोयीने एकामागून एक पाने घेऊन थेट एकच पीडीएफ तयार होते. आयफोनवर ‘नोट्स’मध्ये कागद स्कॅन करण्याची सोय आहे. ‘फाइल्स’मध्ये चित्रे निवडून ‘क्रिएट पीडीएफ’ हा आदेशही देता येतो. या सोयींचा आणखी एक लाभ असा की कागदाच्या कडा ओळखून तिरके आलेले पान त्या सरळ करतात. अँड्रॉइडवरील अनेक भ्रमणध्वनींत चित्रे निवडून ‘प्रिंट’ आणि त्यानंतर ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ असेही करता येते.

आकारमानाचा प्रश्न

“फाइल मोठी आहे, चढत नाही,” ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. तिचे कारण समजून घेणे अवघड नाही. ए-४ आकाराचे पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात घेतल्यास त्यात २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख चित्रबिंदू असतात. तेच पान इंचास १५० बिंदूंनी घेतल्यास १२४० गुणिले १७५४, म्हणजे सुमारे २१.७५ लाख बिंदू होतात. प्रमाण निम्मे केले, तर बिंदू चौथाईवर येतात. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. साध्या टंकित कागदासाठी इतक्यांची आवश्यकता नसते.

रंगाचेही तसेच आहे. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूसाठी तीन रंगांची माहिती ठेवावी लागते. करड्या छटांच्या चित्रात ती एकच असते. टंकित पत्र करड्या छटांत आणि इंचास १५० ते २०० बिंदूंनी घेतले तरी स्वच्छ वाचता येते. परंतु जुना हस्तलिखित कागद, फिकी शाई, मोडी लिपी किंवा नकाशा असल्यास इंचास ३०० बिंदू आणि रंग यांत कपात करू नये. निळ्या शाईची स्वाक्षरी व जांभळा शिक्का हे रंगातच ओळखू येतात. संकेतस्थळाच्या मर्यादेसाठी लहान प्रत वेगळी करावी. मोठी प्रत कार्यालयात जपून ठेवावी. आधी आकुंचित केलेली प्रत पुन्हा मोठी करून गेलेली अक्षरे परत येत नाहीत.

तपासणी, नाव आणि स्वाक्षरी

फाइल तयार झाल्यावर ती उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहावी आणि चिठ्ठीवरील संख्येशी ताळा घ्यावा. आडवे झालेले पान फिरवावे. फाइलला असे नाव द्यावे की सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसालाही तिचा उलगडा व्हावा. वर्ष, गाव, विषय व आवक क्रमांक एवढे पुरेसे असते. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ ही नावे टाळावीत.

डिजिटल स्वाक्षरी करावयाची असल्यास ती सर्वांत शेवटी करावी. स्वाक्षरीनंतर एक पान जरी जोडले किंवा काढले, तरी त्या स्वाक्षरीची पडताळणी टिकत नाही. हा तिचा दोष नसून तिचे प्रयोजनच ते आहे. तसेच डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा छापून, त्याचे छायाचित्र काढून, पुन्हा पीडीएफ करणे व्यर्थ होय. तसे केल्याने स्वाक्षरीची पडताळणी करता येत नाही. असा उतारा मूळ पीडीएफ रूपातच जोडावा.

गोपनीयता

चित्रांची पीडीएफ करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. तेथे काम झटपट होते, परंतु त्यासाठी आपले कागद परक्या संगणकावर पाठवावे लागतात. एखाद्या विद्यार्थ्याचा जातीचा दाखला, लाभार्थ्याचे बँक पासबुक किंवा रुग्णाचे वैद्यकीय प्रमाणपत्र अशा ठिकाणी पाठविण्याचा अधिकार त्या व्यक्तीने आपणांस दिलेला नसतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये कागद स्कॅन करण्याचे, त्या काळी सर्वत्र प्रचलित असलेले ‘कॅमस्कॅनर’ हे ॲपही होते. जे काम आपल्याच यंत्रावर होते, त्यासाठी कागद बाहेर पाठवू नयेत.

आधार क्रमांकाची पूर्ण आवश्यकता नसेल तेथे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत घ्यावी. एखादा मजकूर झाकावयाचा असल्यास तो पीडीएफ करण्यापूर्वी, चित्रावरच झाकावा. तयार पीडीएफवर नुसती काळी पट्टी ठेवल्यास ती पट्टी पुढे कोणीही उचलू शकतो. आणि काम संपल्यावर स्वतःच्या भ्रमणध्वनीतील ती छायाचित्रे पुसून टाकावीत.

पीडीएफने काय होत नाही

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. पीडीएफ झाली म्हणजे मूळ कागदाचे काम संपले, असे मुळीच नाही. आपल्या कार्यालयांत ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम जतन करावयाचे असतात आणि इतर वर्गांना ठराविक मुदती असतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हाही अभिलेखांच्या जतनासाठीच आहे. प्रत काढली म्हणून मूळ कागद नष्ट करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक अभिलेखास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये मान्यता आहे. परंतु न्यायालयात तो पुराव्यादाखल मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राची तरतूद लक्षात घ्यावी लागते.

दुसरी मर्यादा अशी की चित्रांपासून केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांची चित्रे असतात. तिच्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचक-यंत्र तिच्यापुढे मुके होते. अक्षर ओळखणाऱ्या आज्ञावल्या आता मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतात. परंतु हस्ताक्षर व मोडी यांबाबत त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून पहिल्या पानावर टंकित अनुक्रमणिका देणे हा साधा व खात्रीचा उपाय आहे. दीर्घकाळ जतन करण्यासाठी पीडीएफ-ए नावाचे वेगळे मानक २००५ पासून अस्तित्वात आहे. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ काढताना तो पर्याय निवडता येतो.

एक राज्यव्यापी धडा

या साऱ्याचे महत्त्व आपण सर्वांनी २०२३ च्या अखेरीस प्रत्यक्ष अनुभवले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. शाळांची जनरल रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना क्रमांक १४, आणि जुने महसुली अभिलेख बाहेर निघाले. त्यांतील कितीतरी कागद मोडीत होते. नोंदी असलेली पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आली. त्या प्रश्नाविषयी कोणाचे मत काहीही असो. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या शिक्षकाने वहीत केलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाला किती मोलाची ठरू शकते, हे तेव्हा दिसून आले. ज्या शाळेने रजिस्टर जपले होते, तेथे नोंद मिळाली. जेथे ते वाळवीने खाल्ले होते, तेथे कोणतेही तंत्र उपयोगी पडले नाही.

माहितीच्या हक्काच्या चळवळीशीही या जिल्ह्याचे नाते जवळचे आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून श्री. अण्णा हजारे यांनी त्या कायद्यासाठी आंदोलने केली. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व अनुक्रमित ठेवावेत, आणि साधनांच्या उपलब्धतेनुसार ते संगणकीकृत करावेत, असे कर्तव्यच सांगितले आहे. मागणी आल्यावर धावपळ करण्याऐवजी आधीच लावून ठेवलेली एक फाइल देणे हे कायद्याला आणि आपल्या सोयीला, दोहोंना धरून आहे.

आपण काय करावे

म्हणून माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेचे प्रत्येक इतिवृत्त स्वाक्षऱ्यांसह, उपस्थितीच्या पानासह, सभा झाल्याच्या आठवड्यातच एका पीडीएफमध्ये घ्यावे. शाळांनी जनरल रजिस्टराची जीर्ण पाने सर्वांत आधी घ्यावीत. नवी पाने थांबू शकतात, जुनी थांबणार नाहीत. आणि प्रत्येक कार्यालयाने तयार फाइलींच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कारण संगणकही बिघडतो.

हे काम एका दिवसात होणार नाही, आणि त्याची सक्तीही मी करू इच्छीत नाही. रोज एक वही घेतली तरी वर्षअखेर कपाट रिकामे नव्हे, तर सुरक्षित होईल. चाळीस वर्षांपूर्वी याच शहरात कागद वेगळे करीत बसलेल्या लिपिकांजवळ संगणक नव्हता. त्यांच्याजवळ क्रम होता, मोजणी होती आणि समोर येणाऱ्या माणसाची जाणीव होती. आपल्याजवळ यंत्र अधिकचे आले आहे. बाकीच्या तीन गोष्टी त्यांच्याकडूनच घ्यावयाच्या आहेत.

पुढच्या वेळी फाइल पाठविण्याची कळ दाबण्यापूर्वी एकवार पाने मोजावीत, मागच्या बाजूंसह मोजावीत, एवढे जरी आपण येथून सोबत नेले, तरी कोणा एका अर्जदाराचा एक हेलपाटा वाचेल. तेवढ्यासाठीच मी आपला वेळ घेतला.